पार्व्हो झालेलं रस्त्यावरचं पिल्लू घरी कसं सांभाळायचं? (तातडीचं)

ओवी_वाई · सोमवार, सकाळी ७:५०

मंडळी, घाईत लिहितेय. पसरणी घाटाच्या पायथ्याशी गोणपाटात टाकून दिलेली दोन पिल्लं शनिवारी संध्याकाळी मिळाली. देशीच, दीड-दोन महिन्यांची, दोन्ही माद्या. एक काळी, एक तांबडी. काल दुपारपर्यंत दोघी व्यवस्थित खात होत्या. मग तांबडीने तोंड फिरवलं. आधी पिवळ्या फेसाच्या उलट्या, रात्री पातळ जुलाब, आज पहाटे त्यात रक्त. वास असा की खोलीत उभं राहवत नाही.

डॉक्टरांना भल्या पहाटे उठवलं. ते म्हणाले, पार्व्होच दिसतोय, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. एक सलाईन लावलं, उलटीचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. त्यांच्याकडे जनावर ठेवून घ्यायची सोय नाही, म्हणून पायात इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली सलाईनची नळी) तशीच ठेवून घरी पाठवलंय. संध्याकाळी परत बोलावलंय.

घरी ठेवून ती वाचू शकते का? मधल्या वेळात मी काय करायचं? काळी वेगळ्या खोलीत आहे, अजून ठणठणीत आहे. घरात सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी लिहा, कितीही बारीक गोष्ट असली तरी चालेल.

कंदीपेढा · सोमवार, ८:०२

मी साताऱ्यातच आहे. औषध आणायचं असेल, गाडी हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संकोच नको.

पशुवैद्य_वर्धा · सोमवार, ८:२०

ओवी, आत्ता लगेच तिची हिरडी बोटाने दाबा. पांढरी होईल. बोट काढल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या ओल्या आहेत की चिकट लागतात तेही बघा. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच बसली पाहिजे. मग थर्मामीटरला तेल लावून गुदद्वारातून ताप बघा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे नॉर्मल. १०० च्या खाली गेली तर मला ते १०४ पेक्षा जास्त घाबरवतं. हे सगळं वहीत वेळ घालून लिहीत जा, संध्याकाळी तुमच्या डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होईल.

आता नेमकं काय चाललंय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला प्रत्येक गोष्ट कशासाठी करतोय ते कळेल. हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज. अस्तर सोलवटल्यामुळे पाणी आणि रक्त वाहून जातं, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याच वेळी घटलेल्या असतात. पिल्लू मरतं ते पाणी संपल्याने, साखर उतरल्याने आणि रक्तात जंतू पसरल्याने. विषाणू मारणारं औषध आमच्या कपाटात नाही. पाणी, साखर, ऊब, उलटी थांबवणं आणि अँटिबायोटिक, एवढ्यावर पिल्लू तीन-चार दिवस तगवायचं. तोवर त्याचं शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करतं. हे पहिले तीन-चार दिवस जी काढतात ती बहुतेक वाचतात.

पाण्याचा हिशेब असा. तीन किलोचं पिल्लू ८ टक्के सुकलं असेल तर अंगातली तूट २४० मिलिलिटर. त्यावर रोजची गरज, त्यावर उलटी-जुलाबातून जाणारं. एका वेळच्या छोट्या सलाईनने हे भरून निघत नाही, म्हणून घरी पुढे काय द्यायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. औषधांचे डोस मी इथे लिहिणार नाही. ते वजनावर आणि समोरच्या पिल्लावर ठरतात.

रानजाई · सोमवार, ८:४१

डॉक्टरांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे. मी पुण्यात आजारी पिल्लं घरी ठेवते, त्यातली बरीच पार्व्होची. माझ्याकडून खोलीबद्दल.

ज्या खोलीत पाणी ओतून धुता येतं तीच निवड. बाथरूम किंवा गॅलरी चालेल, गालिचा आणि सोफा असलेली खोली नको. खाली वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर जुन्या चादरीचे तुकडे. घाण झाली की गुंडाळी करून पिशवीत घालायची, गाठ मारायची. धुऊन परत वापरायच्या भानगडीत पडू नकोस. कोमट पाण्याची बाटली मोज्यात घालून पाठीशी ठेव, अंगाला थेट चिकटवू नकोस. शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करत राहा, नाहीतर कातडी सोलते आणि या दिवसांत माश्या अंडी घालतात.

त्या खोलीसाठी एक जोडी चप्पल आणि एक जुना गाऊन ठेव. आत जाताना घालायचा, बाहेर येताना दारातच काढायचा. दोघींपैकी आधी काळीचं करायचं, मग तांबडीकडे जायचं. उलट्या क्रमाने कधीच नाही.

सलाईन चालू असेल तर बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून घे. गार सलाईनने एवढंसं पिल्लू आणखी गार पडतं.

आजीचा_बटवा · सोमवार, ९:१५

ओवी बाळा, आमच्या वाडीवर कुत्र्यांना रक्ती लागली की डाळिंबाची साल उगाळून ताकातून द्यायचे, आणि जिऱ्याचं पाणी. बरीचशी वाचायची. इंजेक्शनांच्या जोडीला हे करून बघायला काय हरकत आहे? आणि थोडा लसूण ठेचून दिला तर जंत पडतील.

पशुवैद्य_वर्धा · सोमवार, ९:३०

बटवाताई, तुमच्या वाडीवरची सगळी रक्ती पार्व्होची नसणार. जंतांमुळेही रक्त पडतं, आणि तसली पिल्लं पुष्कळदा सावरतात. पार्व्होत मात्र उलट्या चालू असताना तोंडाने काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ताक नको, साल नको, पाणीसुद्धा जबरदस्तीने नको. लसूण आणि कांदा तर कुत्र्याला निरोगी असतानाही द्यायचा नाही, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. अंगात रक्त कमी असलेल्या पिल्लाला तो विषासारखा आहे.

आणि घरातलं क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, जुलाब थांबवायच्या माणसांच्या गोळ्या, यातलं काही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनने पिल्लं दगावतात.

आजीचा_बटवा · सोमवार, ९:४४

बरं डॉक्टर. लसणाचं मला ठाऊक नव्हतं, आता कुणाला सांगणार नाही. ओवी, डॉक्टर म्हणतील तसंच कर.

लिंबूटिंबू · सोमवार, ९:५०

तांबडीचं नाव काय ठेवलंय? नाव नसेल तर 'सलाईन' ठेवा, हाक मारली की औषधाची वेळ पण आठवेल :) लवकर बरी हो गं.

मडगावकर · सोमवार, १०:१०

पिल्लाच्या काळजीत एक गोष्ट राहून जाईल म्हणून विचारतो. दोघींपैकी कुणी घरात कुणाला चावलंय किंवा ओरखडलंय का? दीड-दोन महिन्यांचं पिल्लू खेळताना सुईसारखे दात लावतंच. रेबीज पिल्लांनाही होतो. दात लागून कातडी फाटली असेल, नुसता ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तिथे ती फुकट मिळते. अखंड कातडीला नुसतं चाटलं असेल तर लस लागत नाही, धुतलं की झालं.

गोव्यात २०१४ पासून घरोघर, रस्तोरस्ती कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची मोठी मोहीम चालू आहे, २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' म्हणून जाहीर झालं. तरी आम्ही अजून पिल्लू हातात घेतल्यावर हा प्रश्न विचारतोच.

ओवी_वाई · सोमवार, १०:४०

सगळ्यांचे आभार. मुलाच्या मनगटावर काळीच्या दाताचा बारीक ओरखडा आहे. धुतलाय, आता ग्रामीण रुग्णालयात निघालोच. माझी लसही सुरू करते. मडगावकर, हे खरंच डोक्यात नव्हतं.

हिरडी फिकट आहे, रंग यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. ताप १०३. पार्व्हो माणसांना होतो का? सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांची काळजी वाटते.

पशुवैद्य_वर्धा · सोमवार, १०:५२

कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. मुलांना होणारा पार्व्हो बी-१९ हा वेगळा विषाणू. तरी सासूबाईंनी ती खोली टाळावी, कारण पिल्लांच्या विष्ठेत जंत आणि इतर जिवाणू असतातच.

तीन सेकंद म्हणजे पाणी कमी पडतंय. संध्याकाळची वाट बघू नका, आत्ताच न्या. डॉक्टरांकडे लहान मुलांचा मायक्रोड्रिप सेट मागा. त्यात ६० थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे वेग हातात राहतो. मिनिटाला किती थेंब ते कागदावर लिहून घ्या. सलाईन चालू असताना श्वास भराभर चालू लागला किंवा नाकातून पाणी आलं तर सलाईनच्या नळीवरचं चाक बंद करा आणि फोन करा.

तिसरा_मजला · सोमवार, ११:३०

माझं मत इथे कुणाला आवडणार नाही. मागच्या वर्षी ठाण्यात आमच्या गल्लीत माझ्या मुलीला भटक्या कुत्र्याने पोटरीला फाडलं. सीरम, लसी, टाके, आणि अजून ती रस्त्यावर माझा हात सोडत नाही. तुम्ही एक पिल्लू वाचवता तेव्हा दोन वर्षांनी आणखी एक टोळी तयार होते. हाच पैसा आणि वेळ नसबंदीवर का नाही खर्च करत? निसर्गात दहातली दोनच जगतात, त्यालाही काही कारण असेल.

रानजाई · सोमवार, १२:०५

तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. अशी भीती पोरांच्या मनात फार खोल बसते, मी माझ्या भाचीत पाहिली आहे.

पण मी पिल्लू बरं करून परत रस्त्यावर सोडत नाही. घर शोधते, आणि घेणाऱ्याकडून नसबंदीचं वचन घेते, वयात आली की स्वतः मागे लागून करून घेते. रस्त्यावरून दोन माद्या कमी झाल्या म्हणजे पुढची कितीतरी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. नसबंदीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि आपल्या पालिकेत त्यासाठी तुम्ही आणि मी दोघांनी एकाच अर्जावर सही करायला हवी.

तिसरा_मजला · सोमवार, १२:२०

त्या अर्जावर मी सही करेन. ओवीताई, तुमच्या पिल्लाचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही.

रॉकीज_मराठी · सोमवार, रात्री ८:१५

इकडे सकाळ झाली, आत्ता धागा वाचला. मी अमेरिकेत कोलोरॅडोत पशुदवाखान्यात तंत्रज्ञ आहे. ओवीने विचारलंय की घरी वाचू शकते का, त्यावर.

दवाखान्यात ठेवणं परवडत नाही म्हणून पिल्लांना दयामरण दिलं जायचं. त्यावर उपाय म्हणून इथल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने एक अभ्यास केला, २०१७ मध्ये तो छापून आला. ४० पिल्लं घेतली. निम्म्यांना भरती करून शिरेतून सलाईन, निम्म्यांना 'घरी पाठवल्यासारखं' ठेवून कातडीखाली सलाईन, रोज उलटीचं इंजेक्शन, एकदाच द्यायचं दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक. पहिल्या गटातली ९० टक्के जगली, दुसऱ्यातली ८० टक्के. उपचारच मिळाले नाहीत तर बहुतेक सगळी जातात, हे लक्षात घेतलं तर ८० फार मोठा आकडा आहे.

पण दोन गोष्टी विसरू नका. घरच्या गटातल्या पिल्लांनाही आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं होतं, मगच कातडीखाली चालू केलं. आणि त्यांच्याकडे दिवसातून अनेकदा शिकलेली माणसं बघत होती, साखर आणि पोटॅशियम तपासत होती. म्हणजे घरी होतं, पण घरातल्याने रात्रीसुद्धा उठायचं असतं.

२०२३ मध्ये इथे पार्व्होवर एका इंजेक्शनात द्यायच्या तयार अँटिबॉडीला सशर्त परवानगी मिळाली. चांगली गोष्ट आहे, पण ओवीच्या आजच्या रात्रीसाठी सलाईनच.

पशुवैद्य_वर्धा · सोमवार, ८:४०

उत्तम माहिती. त्यात एवढीच भर की कातडीखाली द्यायचं ते रिंगर लॅक्टेट किंवा साधं नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोज म्हणजे साखर असलेली बाटली (डीएनएस, डी-१०) कातडीखाली द्यायची नाही, तिथे गळू होतं. साखर उतरली, म्हणजे पिल्लू लुळं पडलं, थरथरलं, हाकेला डोळे फिरवेना, तर ग्लुकोजच्या पुडीची घट्ट पेस्ट करून हिरडीला चोळा आणि दवाखान्याकडे निघा.

देवराई · सोमवार, रात्री ११:००

झोप येत नाही म्हणून लिहितेय. थोडं वेगळं आहे, पण ओवीला उपयोगी पडेल.

माझ्याकडे नाशिकला डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा एक विषाणूजन्य आजार) झालेलं पिल्लू होतं. सुरुवात नाका-डोळ्यांतून घट्ट पू आणि खोकल्याने झाली, आम्हाला वाटलं सर्दी. मग ते बरं झाल्यासारखं वाटलं, आठवडाभर अंगणात पळालं. नंतर जबडा आपोआप चावत असल्यासारखा हलू लागला, मग मागचा एक पाय ताल धरल्यासारखा उडायचा, झोपेतसुद्धा. पुढे फिट्स आल्या. शेवटी एका रात्री फिट थांबेचना. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गेलंय, आता यातून तिला परत आणता येणार नाही. त्यांनी इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवलं तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तो निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते, आणि आजही तो मला जड जातो.

हे सांगायचं कारण, इथे कुणीतरी 'त्रास देऊ नका, झोपवून टाका' म्हणेल. पार्व्होत एवढ्या लवकर तसं करू नये. डिस्टेंपर मेंदूत गेला की मागे फिरणं दुर्मिळ. पार्व्होत आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवीन येतं, आणि वाचलेलं पिल्लू बहुतेक वेळा चांगलं बरं होतं. दोन्ही आजारांना एकाच मापाने मोजू नका.

घाटमाथा · मंगळवार, सकाळी ६:३०

ओवी, रात्र कशी गेली?

ओवी_वाई · मंगळवार, ७:४५

सलाईन रात्रभर मिनिटाच्या काट्याबरोबर चालवलं, मी आणि नवरा आळीपाळीने बसलो. मध्यरात्री ताप ९९ पर्यंत उतरला, बाटल्या बदलत राहिलो, ग्लुकोज चोळलं. पहाटे साडेचारला तांबडी गेली. शेवटच्या तासात तिला शुद्ध नव्हती.

आणि आत्ता काळीने सकाळचं खाणं हुंगून सोडून दिलंय. उलटी नाही, जुलाब नाही. फक्त खात नाहीये आणि कोपऱ्यात बसलीये. ताप १०३.४. आधी दोन दिवस तिला जराही काही नव्हतं.

पशुवैद्य_वर्धा · मंगळवार, ७:५२

फार वाईट वाटलं. तुम्ही दोघांनी करता येईल ते सगळं केलंत.

काळीला आत्ता उचला. उलटीची वाट बघू नका. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, तिची वेळ आली आहे. तुम्ही वाईला आहात, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यांचा दवाखाना आहे. तिथे रक्त तपासता येईल. तांबडी तुमच्याकडे आली तेव्हा आजार आत बराच पुढे गेला होता. काळीत तो आज सुरू होतोय. हा एक दिवस तुमच्या हातात आहे.

कंदीपेढा · मंगळवार, ७:५५

साताऱ्याहून गाडी काढतोय, वाईत येतो. मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरून ठेवतो. पत्ता व्यनित टाका.

रानजाई · मंगळवार, ८:१०

ओवी, निघायच्या आधी दवाखान्यात फोन कर आणि पार्व्होचा संशय आहे असं सांग. म्हणजे ते तिला इतर पिल्लांमध्ये बसवणार नाहीत. तिथे पोचल्यावर जमिनीवर ठेवू नकोस, हातात किंवा टोपलीत ठेव.

तांबडीसाठी खोल खड्डा करा, कुत्री उकरणार नाहीत एवढा, आणि जिथे पुढे पिल्लं येणार नाहीत अशा जागी.

देवराई · मंगळवार, ८:१४

ओवी, तुझ्याजवळ बसावंसं वाटतंय. काळीचं बघ आता.

ओवी_वाई · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

शिरवळहून आत्ता आलो. तपासणीच्या किटवर पार्व्हो पॉझिटिव्ह. पांढऱ्या पेशी १,८००. गाडीत पहिली उलटी झाली, जुलाब दुपारी सुरू झाले, पण तोवर तिला सलाईन लागलेलं होतं. हिरडी दीड सेकंदात गुलाबी होतेय. दिवसभर तिथेच ठेवलं, संध्याकाळी कसं द्यायचं ते नीट शिकवून घरी पाठवलं. सकाळी परत बोलावलंय. साताऱ्याचे दादा दिवसभर बाहेर बाकावर बसून होते, जेवलेसुद्धा नाहीत.

एक विचारायचं होतं. तांबडीला उपाशी ठेवलं होतं. हिला मात्र उलटी थांबल्यावर लगेच थोडं थोडं द्यायला सांगितलंय. नक्की काय बरोबर?

पशुवैद्य_वर्धा · मंगळवार, ८:००

दोन्ही ठिकाणी कारण होतं. तांबडीच्या उलट्या थांबल्याच नव्हत्या. पूर्वी आम्ही सरसकट दोन-तीन दिवस पोट रिकामं ठेवायचो. आता उलटी औषधाने आटोक्यात आली की लवकर खायला सुरू करतात, कारण आतड्याच्या अस्तराला अन्न आतूनच मिळतं आणि ते लवकर भरून येतं. उकडलेल्या चिकनचं पाणी, बिनमिठाचं, बिनकांद्याचं, चमचाभर. अर्धा तास बघा. राहिलं तर परत. मग मऊ भात आणि चिकनचे धागे. दूध नको.

१,८०० हा आकडा कमी आहे, साधारण ६,००० ते १७,००० असायला हवा. आकडा परवा कुठे जातो ते बघू. तो वर चढू लागला की मी निर्धास्त होतो.

लिंबूटिंबू · मंगळवार, ८:३०

अवांतर: कुत्र्यांना रक्त देता येतं का? आमच्या काकांचा लॅब्रॅडोर तीस किलोचा आहे आणि दिवसभर झोपलेला असतो. गरज लागली तर तो येईल, मी बोलतो काकांशी.

रॉकीज_मराठी · मंगळवार, ९:००

देता येतं! कुत्र्यांचेही रक्तगट असतात. देणारा साधारण पंचवीस किलोच्या वर, एक ते आठ वर्षांचा, निरोगी, लसीकरण पूर्ण झालेला लागतो, आणि गोचीडतापाची तपासणी केलेली हवी. तुमच्याकडे गोचीड फार, त्यामुळे ती तपासणी टाळू नये. पार्व्होत रक्त फार वाहून गेलं किंवा अंगात हूकवर्म (आतड्यात रक्त पिणारे जंत) असले तर रक्त लागू शकतं. काकांच्या लॅब्रॅडोरचं नाव स्थानिक डॉक्टरांकडे नोंदवून ठेवलं तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तिसरा_मजला · बुधवार, दुपारी १:१०

काळी कशी आहे?

ओवी_वाई · बुधवार, २:००

जुलाबात अजून रक्त आहे, पण उलटी रात्रीपासून नाही. चिकनचं पाणी चाटलं. गळ्यात लावलेल्या कोनमुळे (सुई चावू नये म्हणून घालायची कॉलर) वाटी उलटवते, म्हणून बोटावरून देतेय. मुलाची लसीची पहिली सुई झाली, रडला नाही. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

ओवी_वाई · शुक्रवार, सकाळी ११:४०

पांढऱ्या पेशी ६,४००!! जुलाब घट्ट व्हायला लागलेत, रंग बदललाय. सकाळी मी दार उघडलं तर उभी होती आणि शेपूट हलवत होती. डॉक्टर म्हणाले उद्यापासून सलाईन बंद, तोंडाने औषधं.

पशुवैद्य_वर्धा · शुक्रवार, ११:५५

वा! आता हावरटासारखी खाईल, तरी एकदम पोटभर देऊ नका. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. जंताचं औषध कधी द्यायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

आजीचा_बटवा · शुक्रवार, १२:१०

देवाला साखर ठेवली. गोड बातमी दिलीस पोरी.

घाटमाथा · शुक्रवार, १२:३०

मी भोरचा. घरी मोठं अंगण आहे, बायको आणि मुलगी दोघींना कुत्रं हवंय, पण दोन वर्षांपूर्वी आमचं पिल्लू पार्व्होनेच गेलं. काळीला घर हवं असेल तर आम्ही तयार आहोत. ते जुनं अंगण तिला धोक्याचं आहे का?

रानजाई · शुक्रवार, १:००

काळीला नाही. पार्व्होतून उठलेलं पिल्लू बहुधा त्याच आजाराने पुन्हा पडत नाही. उलट तीच अजून काही दिवस विष्ठेतून विषाणू सोडेल. बरी झाल्यावरही साधारण दोन आठवडे तिला दुसऱ्या पिल्लांपासून लांब ठेवायचं. तोवर ओवीकडेच राहू दे.

ओवी, तुझ्या घराचं. हा विषाणू फिनेलने मरत नाही, डेटॉलने नाही, हात धुवायच्या सॅनिटायझरनेही नाही. सावलीत, ओलसर मातीत तो महिनोन् महिने टिकतो. लागतं ते सोडियम हायपोक्लोराइट. केमिस्टकडे ५ टक्क्यांचं मिळतं. ते एक भाग आणि पाणी तीस भाग. आधी सगळी घाण साबणाने धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग हे पाणी ओतून निदान दहा मिनिटं ओलं ठेवायचं. खिडक्या उघड्या ठेव, आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नकोस, विषारी वायू होतो. मातीला ब्लीचचा उपयोग नाही. तिथे ऊन लागू द्यायचं आणि वर्षभर लस न झालेलं पिल्लू आणायचं नाही.

पशुवैद्य_वर्धा · शुक्रवार, १:२५

पूर्ण अनुमोदन. आणि घाटमाथा, पार्व्होतून उठली तरी लसी लागतातच. ती लस डिस्टेंपर आणि काविळीसाठीही असते, वर देवराईंनी लिहिलंय तो डिस्टेंपर. साधारण सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. लोक दोन सुया देऊन थांबतात. आईच्या दुधातून आलेली संरक्षणद्रव्यं लसीला आधी निकामी करू शकतात, म्हणून सोळा आठवड्यांनंतरचा तो शेवटचा डोस चुकवायचा नाही. रेबीजची लस तीन महिन्यांना. काळीची पहिली सुई ती पूर्ण सावरल्यावर, शिरवळचे डॉक्टर सांगतील तेव्हा.

तिसरा_मजला · शुक्रवार, २:१५

घाटमाथा, नसबंदीचं विसरू नका एवढंच माझं मागणं.

घाटमाथा · शुक्रवार, २:२०

सहा-सात महिन्यांची झाली की नक्की. इथे लिहून देतो, सगळे साक्षीला आहात.

कंदीपेढा · शुक्रवार, २:४०

तिला टाकलं होतं तिथे आई आणि आणखी पिल्लं असतील का, हे बघायला आज संध्याकाळी पसरणीला जातोय. बरोबर कुणी येतंय का?

ओवी_वाई · शुक्रवार, ३:०५

मी आणि नवरा येतो. साडेपाचला घाटाच्या सुरुवातीला थांबतो. पिंजरा आमच्याकडे आहे, तुम्ही हातमोजे आणि बिस्किटं आणा. पिल्लं दिसली तर ती माझ्या घरी आणता येणार नाहीत, खोली अजून दूषित आहे. रानजाई, तुझ्याकडे जागा आहे का?

रानजाई · शुक्रवार, ३:१०

माझ्याकडेही आत्ताच पार्व्होचं एक उठलंय, त्यामुळे नाही. पण लोणंदला एक मैत्रीण आहे, तिच्याकडे वर्षभरात एकही पिल्लू आलेलं नाही. तिला विचारून तासाभरात सांगते.